मथळ्यावरून मथळ्यावर

चौसाळ्यात आमचं किराणा दुकान हायवेला लागून होतं आणि घर दुकानाच्या पाठीमागं. मध्ये एक पडदा, त्याच्या पलीकडे गुळाचा आणि गोणपाटाचा वास, अलीकडे फोडणीचा. माझी नजर शाळेत असल्यापासूनच कमी होत चालली होती. आधी दिवस मावळल्यावरचं दिसेना, मग कडेचं दिसेना, आणि बीडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना फळ्यावरचं सोडाच, हातातलं पुस्तकही दिसेनासं झालं. डोळ्याच्या आतला पडदा वाळत जातो, त्याला औषध नाही, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी आप्पांना बाहेर बोलावून सांगितलं. दार उघडंच होतं, त्यामुळे मलाही कळलं. कॉलेज सुटलं, मी घरी येऊन बसले. त्यानंतरची जी काही वर्षं गेली, त्यांच्याविषयी इथं लिहायचं आहे.

घरात माणसं मोजकीच. आप्पा म्हणजे माझे वडील, आई, थोरला भाऊ शिवादादा आणि मंगलवहिनी. सगळे आवाजावरून ओळखू यायला मला फार दिवस लागले नाहीत. आप्पांच्या वहाणेचा एक पट्टा सैल होता, तो चालताना चटचट वाजायचा. आईची भाकरी थापण्याची एक लय होती, आणि ती रागात असली की थाप जोरात पडायची पण भाकरी मात्र तेवढीच पातळ यायची. बाहेर ट्रक गिअर बदलत जायचे, एसटी थांबली की कंडक्टर दारावर थाप मारायचा, दुकानात वजनं तागडीत पडायची. खायला काही कमी नव्हतं. थंडीत ज्वारीचे धपाटे, त्यावर दही आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी, आणि ते सगळं माझ्या हाताशी आणून दिलेलं. घरातली सगळी माणसं माझ्यावर जीव टाकायची आणि मला उंबऱ्याच्या बाहेर जाऊ द्यायची नाहीत. ओसरीवर जायचं म्हटलं तरी आप्पा गिऱ्हाईक सोडून यायचे, मनगट धरायचे आणि नेऊन बसवायचे. त्यांचा हात धान्यानं खरखरीत झालेला होता. मला तो आवडायचा, आणि त्याचा कंटाळाही यायचा.

दादानं दुकानाच्या कोपऱ्यात कम्प्युटर घेतला होता. सातबारा काढून दे, कुणाचा निकाल बघून दे, असली कामं तो करायचा. दुपारच्या उन्हात हायवेवर चिटपाखरू नसायचं, तेव्हा ते यंत्र नुसतं घुमत पडलेलं असायचं. वहिनी बारावी शिकलेली. तिनंच कुठूनतरी ऐकलं की तेव्हाच्या औरंगाबादेत न दिसणाऱ्यांना कम्प्युटर शिकवणारं एक केंद्र आहे. तिनं जेवताना विषय काढला. आप्पा म्हणाले, "तिला दिसत न्हाई, आन कम्प्युटर काय करायचाय?" वहिनी म्हणाली, "मामंजी, तो बोलून दाखवतो म्हणं. रेडिओसारखा. रेडिओ ऐकायला कुठं डोळे लागत्यात?" पुढच्या आठवड्यात दुकान दादावर सोडून आप्पा मला स्वतः घेऊन गेले, आणि केंद्राच्या पायरीवर माझं मनगट सोडताना त्यांनी ते दोनदा धरलं.

शिकवायला फारूक सर होते. जन्मापासून अंध, बोलणं दखनी आणि मराठी यांची मिसळ, आणि हातात कायम पानाची डबी. त्यांनी पहिल्या दिवशी एक वेबसाइट उघडून दिली आणि म्हणाले, ऐक. कम्प्युटरमधला आवाज वाचायला लागला. मराठी वाचायचा तो, पण परदेशी माणसानं पडसं झालेलं असताना वाचावं तसं. त्याला ळ म्हणता यायचा नाही. "लिंक, मुख्यपृष्ठ. लिंक, आमच्याविषयी. लिंक, संपर्क. लिंक, छायाचित्रे." अशी जंत्री संपता संपेना. कशीबशी संपली, मी एका लिंकवर एंटर दाबलं, नवं पान उघडलं, आणि तो पुन्हा पहिल्यापासून. लिंक, मुख्यपृष्ठ. लिंक, आमच्याविषयी. असे काही दिवस गेले. मला हवी ती गोष्ट येईपर्यंत मी थकून गेलेली असायचे. एका दुपारी मी हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाले, सर, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, मी घरी जाते.

सर म्हणाले, "शोभाबेटा, आठवडी बाजारात कधी गेलीस का न्हाई?"

"गेलते की."

"मग काय पहिल्या दुकानापासून एकेक पाटी वाचत गेलती?"

"न्हाई. कापडाच्या लायनीत सीधं जायचं."

"तो फिर इथं कावून पाट्या वाचत बसतीस? एच दाब."

मी एच दाबलं. आवाज सगळी जंत्री ओलांडून थेट पहिल्या मथळ्यावर आला. पुन्हा दाबलं, दुसऱ्या मथळ्यावर. पान करणाऱ्यानं मथळे नीट दिलेले असले तर ब्राउझरला ते ठाऊक असतात, आणि वाचणारा आवाज त्यांच्यावरून उड्या मारत जाऊ शकतो, हे सरांनी नंतर समजावून सांगितलं. मोठ्या मथळ्याला एकचं बटण, त्याच्या पोटातल्याला दोन, त्याच्याही पोटातल्याला तीन. नुसत्या लिंक हव्या तर टॅब. एखादा शब्द शोधायचा तर कंट्रोल धरून एफ, शब्द लिहायचा, एंटर, आणि तुम्ही त्या शब्दापाशी. मी त्या दुपारी एकाच पानावर वर खाली किती फिरले कोण जाणे. नजर गेल्यापासून कुणी हात न धरता मी पहिल्यांदा कुठून तरी कुठं तरी गेले होते. जेवायला चला म्हणून कुणी बोलवायला आलं तेव्हा मी उठले नाही.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर दिंद्रुडचा भागवत बसायचा. शेतकरी घरातला, आमच्यातलाच, म्हणजे महादेवाला मानणाऱ्यांपैकी. अगदी लहानपणी गोवर आला आणि डोळे गेले, त्यामुळे पाहिलेलं काहीच आठवत नव्हतं. बोटं फार चपळ. आवाजाचा वेग त्यानं इतका वाढवून ठेवलेला असायचा की त्याच्या हेडफोनमधून नुसतं तेल कढल्यासारखं ऐकू यायचं. केंद्रात सगळ्या बायकांना ताई म्हणायची पद्धत होती, म्हणून तोही मला शोभाताई म्हणायचा. शिकणं संपलं, सगळे आपापल्या गावी गेले, आणि जाताना आम्ही फोन नंबर घेतले.

घरी आल्यावर दादानं कम्प्युटरमध्ये तो बोलणारा आवाज घालून दिला. दुपारी दुकान ओस पडलं की ती खुर्ची माझी. भागवतच्या मामानं त्याला पुण्याहून एक जुना कम्प्युटर पाठवला होता. दिंद्रुडला घरात रेंज यायची नाही, म्हणून त्यानं इंटरनेटचा डोंगल एका लांब वायरीला बांधून माळवदावर टांगलेला, आणि पाऊस आला की त्याची आई धावत जाऊन त्याच्यावर पिशवी घालायची. आमच्या दोघांची सिमं एकाच कंपनीची होती, त्यावर बोलणं फुकट. तर आम्ही फोन कानाला लावून एकच पान दोघांकडे उघडायचो आणि बरोबरीनं वाचायचो. ज्ञानकोशाची पानं वाचायचो, किल्ल्यांची, जनावरांची, परदेशातल्या गावांची. त्याला मधमाश्यांचा नाद होता. ते पान तर आम्ही कितीदा वाचलं असेल. "मी पोळ्यावर आलो, तुमी कुठं हाव?" तो विचारायचा. मी म्हणायचे, "थांबा, मी अजून राणीपाशीच हाय." वहिनी डाळ निवडत तिथंच बसलेली असायची. "कोणत्या गं राणीपाशी?" असं म्हणून ती हसायची, पण घरात कुणाला काही सांगायची नाही.

पानांमधून वाट काढण्यात तो माझ्या पुढं होता. मी कुठंतरी अडकले की तो म्हणायचा, खाली जाऊ नका, वर चला, तिसरा मथळा. लिंकमागून लिंक उघडत भलतीकडे गेले की म्हणायचा, ऑल्ट धरून डावा बाण दाबा. आणि खरंच, ब्राउझर मागं नुसता त्याच पानावर आणायचा नाही, तर ज्या लिंकवरून गेलो त्याच लिंकवर आणून उभं करायचा. मात्र पानावर चित्र आलं की गाडी माझ्याकडे यायची. "चित्र, झेंडूवर बसलेली मधमाशी," एवढंच तो आवाज सांगायचा. भागवत विचारायचा झेंडू कसा दिसतो. मी सांगितलं, पिवळा. पिवळा म्हणजे कसा? मी पुष्कळ विचार केला आणि म्हणाले, "ताज्या हळकुंडाचा वास चहूकडून एकदम आला तर कसं वाटंल, तसं पिवळं."

तो म्हणाला, "मग डोकं दुखंल की, शोभा."

ताई कधी गळालं ते त्यालाही कळलं नाही. मला कळलं. मी पुढचा मथळा दाबला.

(आता फोनवर बोट सरकवलं की झालं, आणि आवाजही ळ म्हणायला शिकला. पण हल्लीच्या कित्येक साइटींवर मथळेच नसतात. फिरावं तर नुसतं "बटण, बटण, बटण" ऐकू येतं, कशाचं बटण ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. माझे केस बरेच पांढरे झालेत असं लेक सांगते. त्यातले काही या बटणांनी झाले असावेत.)

मग आष्टीचं स्थळ आलं. माणूस बिजवर, पहिली बायको गेलेली, पदरात मुलं, स्वतःचं दुकान, आणि डोळस. तो आला नाही, त्याची आई आली. ती आमच्या ओसरीवर बसून आईशी पुष्कळ बोलली. तिचा स्वभाव वाईट नव्हता, हे मला सांगायला हवं. माझ्या पाठीवरून हात फिरवून ती म्हणाली, "पोरगी गरीब हाय. घरातच ऱ्हाईल, कुठं जायची न्हाई. आमाला तसलीच पाह्यजे." आई हो हो म्हणत होती. ती बाई गेल्यावर आप्पा पडदा सारून आत आले आणि म्हणाले, "बाई, काय म्हणतीस?"

मी म्हणाले, "मला न्हाई करायचं."

"कावून?"

"दिंद्रुडचा भागवत हाय. करायचंच तर त्याच्याशी करीन."

बाहेर एक ट्रक गेला. आईनंच विचारलं, "त्यालाबी दिसत न्हाई ना गं?"

"न्हाई."

"अगं, एकाला धरायला एक लागतंय. दोघांनी एकमेकाला धरून जायचं कुठं?" आई म्हणाली. "चूल हाय, रस्ता हाय, उद्या लेकरू होईल. रांगत रांगत गेलं तर बघायचं कुणी?" भागवतशी मी मधमाश्यांबद्दल बोलले होते, मूल रांगत गेलं तर काय, यावर आम्ही कधी बोललो नव्हतो. मी उठून आत गेले. वहिनी मागोमाग आली आणि शेजारी बसून राहिली. त्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही.

आप्पा माझ्याशी बोलायचे थांबले. रागावले नव्हते. ओसरीवर नेताना मनगट धरायचे, बसवायचे, आणि चटचट करत परत जायचे. मी दुपारी कम्प्युटरवर बसणं सोडलं नाही, पण फोन कमी केला. आणि मग एके दिवशी माजलगावला माल बघायला जातो असं सांगून आप्पा सकाळीच निघून गेले, ते पार दिवस कलल्यावर आले. माल काही आणला नव्हता. ते दिंद्रुडला गेले होते. तिथं काय झालं ते त्यांनी आईला सांगितलं आणि वहिनीनं मला.

भागवतच्या घरी त्यांनी चहा घेतला, शेत बघितलं, त्याच्या वडिलांशी बोलले. मग सगळ्यांसमोर भागवतला विचारलं, "मी सीधंच विचारतो. तुमच्या दोघांच्या घरात सांजचा दिवा कोण लावणार?" भागवत म्हणाला, "आमाला कशाला लागतोय आप्पा? पाव्हणे येतील त्यांना लागंल. त्येंनी लावावा." त्याचे वडील त्याच्यावर ओरडले. आप्पा मात्र हसले म्हणे. हसले, आणि परत येताना सगळी वाट चिडून होते, असंही त्यांनीच आईला सांगितलं.

त्यानंतर एका दुपारी मी कम्प्युटरपाशी बसले होते. चटचट वाजलं आणि माझ्या शेजारी स्टूल ओढलं गेलं. आप्पा म्हणाले, "मला दाखव तू काय करतीस ते." मी विचारलं काय बघायचंय. ते म्हणाले, "परळीच्या वैजनाथाचं काय लिवलंय का?" मी पान काढलं, हेडफोनची वायर काढली, आवाज मोठा केला. मथळ्यावरून मथळ्यावर नेऊन दाखवलं, इतिहास, देऊळ, यात्रा. ते ऐकत होते. मग म्हणाले, "सरक. मी बघतो. मी डोळे मिटलेत बघ."

त्यांचं जाड बोट एकेका बटणावर जोरात पडायला लागलं. एच कुठं आहे ते मी त्यांना चाचपून दाखवलं. दोन मथळे बरे गेले. मग कुठंतरी टॅब लागला, कुठंतरी एंटर, पान बदललं, पुन्हा बदललं. आवाज वेगळीच गावं, वेगळीच नावं सांगू लागला.

"ही कुठली गावं सांगायलाय?"

"आप्पा, तुमी झारखंडात गेलात. तिकडंबी एक वैजनाथ हाय."

"खरा आपला हाय," ते म्हणाले. डोळे उघडले असते तर कम्प्युटरचा पडदा समोरच होता, त्यांनी उघडले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, मिटलेलेच हायत. आणखी एकदोन बटणं दाबली, आणखी कुठंतरी गेले. "परळीला कसं यायचं? तू दाब."

"न्हाई. तुमी दाबा. मी सांगते. डाव्या हाताला खाली ऑल्ट हाय, ते धरा. आता उजवीकडं बाणाची बटणं हायत, त्यातला डावा."

त्यांनी दाबला. आवाजानं झारखंडातलं आधीचं पान सांगितलं. "पुन्ना दाबा." पुन्हा. "अजून." आणि मग आवाज म्हणाला, परळी वैजनाथ. आप्पांनी हात काढून घेतला. बाहेर कुणीतरी गिऱ्हाईक येऊन साखर मागत होतं, त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही.

"तू रोज असं फिरतीस?"

"हो."

"आन चुकलीस तर?"

"चुकते की. रोजच. मग मागं येते."

त्यांनी माझं मनगट धरलं नाही. डोक्यावर हात ठेवला, आणि उठून साखर द्यायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातूनच त्यांनी आईला सांगितलं, दिंद्रुडकरांना रविवारी जेवायला बोलवा. आईनं भाकरी थापता थापता पुष्कळ ऐकवलं, पण बोलावणं गेलं. आईचं मन वळायला त्यानंतरही वेळ लागला. काही बाबतीत ते कधीच वळलं नाही, आणि तिच्या सगळ्याच शंका खोट्या नव्हत्या. लेकरू रांगायला लागलं तेव्हा आम्ही त्याच्या पायात वाजणारे वाळे घातले, दारांना फळ्या लावल्या, आणि तरीही दोनदा जिवाचं पाणी झालं. ते पुढचं.

लग्नाच्या आधीच भागवतला बीडमध्ये एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली होती. आम्ही तिथंच राहायचं ठरवलं. आप्पांचं म्हणणं, निदान पहिलं वर्ष चौसाळ्याला काढा. मी नको म्हटलं. ते आम्हाला पोचवायला आले, भांडी, गादी, पिठाचा डबा, सगळं घेऊन. दोन खोल्या आणि मोरी. सामान लावून झालं तसे ते निघतो म्हणाले. आम्ही पाया पडलो. ते दाराशी गेले आणि तिथंच थांबले. वहाण वाजली नाही, म्हणून आम्हाला कळलं की ते उभेच आहेत. बराच वेळ उभे होते.

मी म्हणाले, "आप्पा, गाडी निघून जाईल."

"जातो."

तरी वहाण वाजली नाही. भागवत उठला. भिंतीला हात लावत आत गेला, स्टोव्ह पेटवला, पाणी मोजून टाकलं, साखरेचा डबा ओळखताना तो एकदाच चुकला. चहाला उकळी आल्याचा आवाज आम्ही तिघांनीही ऐकला. त्यानं कप बशीत ठेवून दाराकडे नेला आणि म्हणाला, "बसा आप्पा. उभ्यानं चहा पिऊ नये."

आप्पा आत येऊन खाली बसले. सावकाश प्यायले. बशी फरशीवर ठेवली, घसा खाकरला आणि विचारलं, "आजून आर्धा कप हाय का?"